फळ्यावर काढलेलं कुलूप

अमेरिकेतल्या शाळेत मुलांना चीन पहिल्यांदा भेटतो तो सहावीच्या आसपास. लांबलचक भिंत, रेशीम, कन्फ्यूशियस, मातीचे सैनिक. मग चीन गायब होतो. पुन्हा दिसतो तो थेट १८३९ साली, इंग्रजांच्या तोफांच्या टप्प्यात. जपानची तऱ्हाही तीच. १८५३च्या जुलैत कमोडोर पेरी चार काळी जहाजं घेऊन उरागापाशी नांगर टाकतो, तेव्हा कुठे जपान नावाचा देश पुस्तकात उगवतो. आणि कोरिया? तो १९५०च्या जूनमध्ये, युद्ध पेटल्यावर. त्याआधी तिथे माणसं राहत होती की नाही, याचा पुस्तकाला पत्ता नसतो.

याच क्रमाने मी न्यू जर्सीतल्या एका शाळेत सहा वर्षं इतिहास शिकवला, आणि आपण बऱ्यापैकी शिकवतो अशी माझी समजूत होती. पेरीच्या धड्याला मी फळ्यावर एक मोठं दार काढायची. दाराच्या आत ‘जपान’, बाहेर जहाज, मधे भलंमोठं कुलूप. ‘दोनशे वर्षं हे दार बंद होतं,’ असं म्हणत बोटाने कुलूप पुसून टाकायचं. मुलांना हे फार आवडायचं. परीक्षेत तर ती कुलूपच काढून दाखवायची.

त्या कुलपाची वाट लागली ती एका मंगळवारी संध्याकाळी, शिक्षकांसाठी चालणाऱ्या पूर्व आशियाच्या वर्गात. शिकवणाऱ्या प्राध्यापकबाईंनी तोकुगावा काळातल्या जपानचा नकाशा लावला आणि त्यावर चार ठिकाणी बोट ठेवलं. नागासाकीतलं देजिमा, म्हणजे समुद्रात भर घालून केलेलं पंख्याच्या आकाराचं बेट. १६४१पासून डच व्यापारी तिथे राहत होते आणि चिनी व्यापारी त्याच शहरात होते. दुसरं त्सुशिमा, तिथून कोरियाशी व्यवहार. तिसरं दक्षिणेचं सात्सुमा, र्‍युक्यू बेटांमार्गे. चौथं उत्तरेचं मात्सुमाए, आयनू लोकांशी देवघेव करणारं. कोरियाच्या राजाची शिष्टमंडळं १६०७ ते १८११ या काळात बारा वेळा जपानला आली, शेकडो माणसांचा लवाजमा घेऊन. डच शरीरशास्त्राच्या पुस्तकाचं भाषांतर सुगिता गेनपाकू आणि त्याच्या मित्रांनी १७७४ साली छापलं. इतकंच काय, पेरी येणार ही खबर डचांनी १८५२ सालीच सरकारला दिलेली होती.

म्हणजे दार होतं, पण दारावर माणूस बसवलेला होता. कोणाला आत घ्यायचं, कोणाला उंबऱ्यापाशी थांबवायचं हे तो ठरवत होता. बंद दार आणि राखलेलं दार यांतला फरक कळायला मला सहा वर्षं आणि एक संध्याकाळ लागली. घरी येताना गाडीत मी मनातल्या मनात मुलांची संख्या मोजत होते. वर्षाला शंभराच्या आसपास म्हटलं तरी सहाशे मुलं ते कुलूप डोक्यात घेऊन हायस्कुलात गेली होती.

हे पुस्तक त्या संध्याकाळच्या वहीतून सुरू झालं. पण त्याआधी हा वर्ग काय होता ते सांगायला हवं, कारण ‘प्रशिक्षण’ हा शब्द ऐकला की आपल्याकडच्या शिक्षकाच्या पोटात गोळा येतो, आणि अमेरिकेतल्या शिक्षकाच्याही. न्यू जर्सीत दर वर्षी २० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्यातले बरेच तास हजेरीपत्रकावर सही, पडद्यावर ‘कौशल्यां’ची वर्तुळं, मग गट करून रंगीत कागदावर काहीतरी लिहिणं, असे जातात. सुलभक टाळ्या वाजवायला लावतो. कॉफी तेवढी बरी असते. या सगळ्यात विषय कुठे असतो? तो शिक्षकाला येतोच, असं गृहीत धरलेलं असतं. वर्गात कसं बोलावं हे सगळे शिकवतात, काय बोलावं हे कोणी शिकवत नाही.

पूर्व आशियाचा वर्ग याच्या उलट होता. ‘नॅशनल कन्सॉर्शियम फॉर टीचिंग अबाउट एशिया’ या नावाने १९९८ साली काही विद्यापीठांनी मिळून हा उपक्रम सुरू केला. कोलंबिया, इंडियाना, पिट्सबर्ग, कोलोरॅडो, वॉशिंग्टन ही त्यांतली काही नावं. पैसा फ्रीमन फाउंडेशनचा. शांघायमध्ये सुरू होऊन पुढे जगभर पसरलेल्या एका अमेरिकन विमा कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाच्या वारशातून हे फाउंडेशन उभं राहिलं. तीस तासांचा अभ्यासवर्ग, फी नाही, उलट शिक्षकालाच थोडं मानधन आणि पुस्तकं. आमच्या गटात वीस-बावीस जण होते. शाळा सुटल्यावर साडेचारला जमायचं, तीन तास बसायचं. व्याख्यान देणारा त्या विषयात आयुष्य घालवलेला प्राध्यापक, आणि शेजारी एक जुना शाळाशिक्षक, ज्याचं काम एवढंच की दर अर्ध्या तासाने विचारायचं, ‘हे तेरा वर्षांच्या पोराला कसं सांगायचं?’ शेवटी प्रत्येकाने आपल्या वर्गासाठी पाठाचं टाचण करून द्यायचं, ते वर्गात वापरायचं आणि परत येऊन काय फसलं ते सांगायचं.

असे वर्ग अमेरिकेत का आले, याची गोष्ट फारशी उदात्त नाही. १९५७ साली रशियाचा स्पुतनिक आकाशात गेला आणि वॉशिंग्टनला घाम फुटला. १९५८च्या संरक्षण-शिक्षण कायद्याने विद्यापीठांना परक्या भाषा आणि परके प्रदेश शिकवायला पैसा मिळाला. चिनी, जपानी शिकवणारे विभाग त्या पैशावर पोसले गेले, आणि पुढे अशा केंद्रांवर शाळाशिक्षकांपर्यंत पोचायची जबाबदारीही आली. शत्रू ओळखायला काढलेल्या पैशातून एका पिढीने चीनच्या सुंग काळातली चित्रं पाहिली, हा विनोद मला अजून पुरता पचलेला नाही. जपान सरकारनेही १९९७पासून काही वर्षं अमेरिकन शाळाशिक्षकांना तीन-तीन आठवडे जपान दाखवायला नेलं. कोण पैसे देतो आणि काय दाखवतो, हा प्रश्न अशा दौऱ्यात खिशात ठेवावा लागतो. तो विचारल्याने यजमानाचा अपमान होत नाही, न विचारल्याने मात्र आपलं टाचण यजमानाच्या हस्ताक्षरात लिहिलं जातं.

आता त्या वर्गातल्या एका तासाबद्दल, कारण या पुस्तकाची सगळी रीत त्या तासातून आली.

त्या दिवशी व्याख्यान नव्हतं. टेबलावर एक कागदाची लांब गुंडाळी होती. बाराव्या शतकात झांग झेदुआन नावाच्या चित्रकाराने काढलेल्या, छिंगमिंग सणाच्या सुमाराला नदीकाठचं जग दाखवणाऱ्या चित्राची ती प्रत. मूळ चित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. उंची जेमतेम पंचवीस सेंटिमीटर, लांबी पाच मीटरच्या वर. आम्हाला सांगितलं गेलं, एका वेळी हातभरच उघडायचं, उजवीकडून डावीकडे, आणि पंचवीस मिनिटं बोलायचं नाही. वहीत फक्त क्रियापदं लिहायची. ‘सुंदर’, ‘प्राचीन’, ‘समृद्ध’ असले शब्द आले तर खोडून टाकायचे.

सुरुवातीला झाडी आणि धुकं. ओझी लादलेली गाढवं चालली आहेत. मग नदी लागते, नावा लागतात, माल उतरतो. आणि मग तो पूल. लाकडी, कमानीचा, पाण्यात एकही खांब नाही. एक मोठी नाव पुलाखाली शिरायला निघाली आहे आणि तिची डोलकाठी अजून पुरती खाली आलेली नाही. नाव तिरकी झाली आहे. टपावरचे लोक हात वर करून ओरडताहेत, कोणी बांबू टेकवून नाव सावरतोय, पुलावरचे लोक कठड्यावरून वाकलेत आणि तेही ओरडताहेत. त्यांच्या पाठीमागे पुलावरच दुकानं थाटलेली आहेत, आणि पालखीवाले व घोडेस्वार समोरासमोर आले आहेत. दादरच्या फुलबाजाराकडच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता जो सापडलाय त्याला याहून जास्त काही समजावायला नको.

माझ्या वहीत त्या दिवशी त्रेसष्ट क्रियापदं झाली. ओढतो, वाकतो, हाकतो, ओरडते, सोलतो, मोजतो. त्यानंतर प्राध्यापकबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि सुंग काळाबद्दल सांगू लागल्या. चित्रातलं शहर म्हणजे तेव्हाची राजधानी कैफेंग, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या राज्यात १०२४ साली सरकारने कागदी चलन काढलं. सुटे खिळे जुळवून छपाई करायची युक्ती त्याच शतकातली, गुटेनबर्गच्या चारशे वर्षं आधीची. ११२७ साली उत्तरेच्या जुर्चेन लोकांनी कैफेंग घेतलं. हेच सगळं मी आधी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. आता ते नोटेसारखं त्या पुलावरच्या दुकानदाराच्या हातात ठेवता येत होतं.

पुढच्या महिन्यात मी हीच पट्टी माझ्या सातवीच्या वर्गात पसरली. पाचव्या मिनिटाला एका मुलाने शिस्त मोडून विचारलं, ‘मिस, बायका कुठे आहेत?’ आम्ही सगळ्यांनी मिळून मोजल्या. शेकडो माणसांत बोटांवर मोजता येतील एवढ्याच सापडल्या. हे मला त्रेसष्ट क्रियापदं लिहूनही दिसलं नव्हतं.

अफूच्या युद्धाच्या दिवशी मात्र पाळी माझ्यावर आली. लिन झेशू या अधिकाऱ्याने १८३९च्या जूनमध्ये हुमेनला अफूच्या वीस हजारांवर पेट्या खड्ड्यांत टाकून, मीठ आणि चुना घालून नष्ट केल्या, इथवर मला ठाऊक होतं. मग प्राध्यापकबाईंनी विचारलं, ‘ही अफू आली कुठून?’ आणि वीस माना माझ्याकडे वळल्या. बंगालची अफू कंपनी सरकारची, पण माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची, आणि त्या व्यापारात मुंबईचे मोठमोठे शेटजी होते. हुमेनच्या खड्ड्यांत त्यांचाही माल गेला. त्यांतलं सगळ्यांत मोठं नाव जमशेटजी जीजीभाई. कँटनच्या कापूस-अफूच्या व्यापारातून त्यांनी संपत्ती केली आणि मुंबईवर ती मुक्तहस्ते उधळली. १८४५ साली रुग्णालय उभं राहिलं, नंतर कलाशाळा. १८४२ साली नानकिंगच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांना मिळालं, त्याच साली जमशेटजींना सर ही पदवी मिळाली.

माझा जन्म जे. जे. रुग्णालयातला. हे मी त्या वर्गात बोलून गेले आणि खोली गप्प झाली. मला त्यात अपराधाची भावना नव्हती, आजही नाही. त्या इमारतीत जगलेल्या लाखो गरिबांचा हिशोब कोणी एका वाक्यात करू नये. पण शाळेत आम्हाला जमशेटजींची दानशूरता शिकवली आणि अफूचं युद्ध वेगळ्या धड्यात, वेगळ्या वर्षी शिकवलं. दोन धड्यांमधून एक जहाज जात होतं, ते कोणी दाखवलं नाही. त्या दिवसापासून माझं अफूचं टाचण मुंबईच्या गोदीतून निघतं.

असे धागे आपल्याकडे आहेत आणि ते ओढूनताणून आणलेले नाहीत. ह्युएनत्संग ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता. पुलकेशीचा प्रदेश त्याने पाहिला आणि इथल्या लोकांबद्दल लिहिलं की उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी कळवून घेतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा काय, तर बायकांचे कपडे. चिनी भिक्खूने टिपलेलं हे सातव्या शतकातलं वर्णन वाचून आठवीतली मुलं खिदळतात, आणि पाठोपाठ एखादी विचारते की बायकांचे कपडे ही शिक्षा का म्हणून. तास तिथे वेगळ्याच दिशेला जातो. जाऊ द्यावा.

माझा लाडका धागा मात्र मुळाक्षरांचा. जपानी बाराखडीच्या तक्त्यावर स्वर येतात अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी: क, स, त, न, ह, म, य, र, व. वर्गात हा तक्ता लागला तेव्हा अमेरिकन शिक्षक पाठ करायला लागले आणि मी हसत बसले, कारण ही आपलीच वर्णमाला होती. बौद्ध भिक्खूंबरोबर सिद्धम् लिपीतलं संस्कृत चीनमार्गे जपानला गेलं आणि ध्वनी कुठून निघतो त्यानुसार अक्षरं लावायची आपली पद्धत तिथल्या पंडितांनी उचलली. ‘च’च्या जागी ‘स’ का, तर जुन्या जपानीत तो उच्चार ‘च’, ‘त्स’कडे झुकणारा होता. ‘म’च्या आधी ‘ह’ का बसलाय, तर तिथे एके काळी ‘प’ म्हणत. कंठापासून ओठांपर्यंतचा आपला प्रवास त्या तक्त्यात तसाच्या तसा आहे, फक्त प्रवाशांनी वाटेत कपडे बदललेत. इथल्या रविवारच्या मराठी शाळेत कंटाळून ‘क ख ग’ घोकणाऱ्या मुलांना मी हा तक्ता दाखवते. कॉमिक्स वाचून जपानी शिकायला निघालेली ही मुलं पहिल्यांदाच मराठीच्या वहीकडे जरा आदराने बघतात.

कोरियन लिपीवरचा भाग पुस्तकात छोटा आहे. राजा सेजोंगने १४४६ साली जाहीर केलेल्या २८ अक्षरांत जीभ आणि ओठ यांच्या ठेवणीची चित्रं कशी लपली आहेत, हे आरसा समोर ठेवून मुलांना तासाभरात उलगडतं. आरसे पुरेसे न्यावेत, एवढीच सूचना.

सगळं इतकं गोड नाही. नानकिंगचं हत्याकांड, हिरोशिमा, कोरियातल्या ज्या बायकांना जपानी सैन्याच्या छावण्यांत डांबलं गेलं त्या, हे विषय शिकवताना वर्गात त्या-त्या घरांतली मुलं बसलेली असतात. माझ्या एका वर्गात शेजारच्या दोन बाकांवर एकीची आजी सोलची आणि एकीचे आजोबा हिरोशिमाचे होते. प्रशिक्षणातून मला यावरचं उत्तर मिळालं नाही. मिळाल्या त्या दोन गोष्टी. एक, जपानी इतिहासकार इएनागा साबुरो यांची हकिकत: आपल्या पाठ्यपुस्तकातला मजकूर सरकारने कापला म्हणून त्यांनी १९६५ साली खटला भरला आणि ते १९९७पर्यंत लढत राहिले, शेवटी माणसांवर प्रयोग करणाऱ्या जपानी सैन्याच्या ७३१ क्रमांकाच्या पथकाचं वर्णन काढायला लावणं बेकायदा होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. दुसरी, २००५ साली चीन, जपान आणि दक्षिण कोरिया इथल्या अभ्यासकांनी व शिक्षकांनी मिळून लिहिलेलं आणि तिन्ही देशांत निघालेलं इतिहासाचं पुस्तक. ‘जपानी लोक असे’ म्हणणाऱ्या मुलापुढे मी इएनागांना उभं करते. तेवढ्याने भागत नाही, पण ते वाक्य पुन्हा तसंच म्हणणं अवघड होतं.

२०२२च्या जानेवारीत न्यू जर्सीने आशियाई वंशाच्या अमेरिकनांचा इतिहास शाळेत शिकवणं सक्तीचं केलं. इलिनॉयने आदल्या वर्षीच केलं होतं. कायदा चांगला आहे. पण तो आल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न होता, ‘तयार टाचण कुठे मिळेल?’ मला त्यांचा राग आला नाही; सहा वर्षं मीही तेच शोधत होते. तयार टाचणात कुलूप तयारच मिळतं.

मराठीत हे का लिहिलं, तर माझ्या धाकट्या बहिणीमुळे. ती मिरजेजवळच्या एका शाळेत शिकवते. एकदा फोनवर म्हणाली, ‘ताई, आमच्याकडे जपान म्हणजे अणुबाँब आणि बुलेट ट्रेन. मधलं तू सांग.’ मी सांगत गेले, ती वर्गात करून बघत गेली आणि न जमलेलं कळवत गेली. पुस्तकातले अर्धे फेरफार तिचे आहेत. तिचा माझ्यावर एक राग अजून आहे: सोलापूरच्या डॉ. कोटणीसांना मी शेवटून दुसऱ्या धड्यात ढकललं. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेला आणि १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारलेला आपला माणूस सुरुवातीला हवा, मुलांना पटकन जवळचं वाटतं, असं तिचं म्हणणं. मला ते पटतंही. पण मग चीन पुन्हा कोणाच्या तरी खांद्यावर बसूनच आत येतो. आधी इंग्रजांच्या यायचा, आता आपल्या. आधी नदीवर ओझी वाहणारी ती माणसं मुलांना भेटू देत, कोटणीस त्यांच्यातलाच एक आजारी सैनिक तपासायला नंतर येतील. आमचं यावर अजून एकमत नाही, तुम्ही क्रम बदलून पाहा.

चित्राची पट्टी पुस्तकाच्या शेवटी घड्या घालून जोडली आहे. ती कापून, चिकटवून गुंडाळी करा. भिंतीवर टांगू नका, बाकांवर ठेवून उजवीकडून डावीकडे हातभर उघडत चला. पुलापाशी मुलं हटून बसतील, डोलकाठी वेळेत खाली येते की नाही यावर भांडतील. घंटा झाली तरी पट्टी पुढे ओढू नका. पुढे वेशीतून उंट बाहेर पडताहेत, ते दुसऱ्या दिवशी पाहता येतात.